चुकलेली वाट

२००८ साली निवृत्त झालो तेव्हा शाळेने शाल-श्रीफळ दिले आणि भाच्याने एक जीपीएस यंत्र. पिवळ्या रंगाचे, मुठीत मावणारे, दोन पेन्सिल सेलवर चालणारे. "मामा, आता हिंडा मनसोक्त. हरवणार नाही," म्हणाला.

मी भूगोलाचा मास्तर. अक्षांश-रेखांश ही पृथ्वीगोलावर बोट फिरवून सांगायची गोष्ट, असे तीसेक वर्षे चालले होते. गच्चीवर उभे राहून त्या छोट्या पडद्यावर स्वतःचे अक्षांश-रेखांश पाहिले तेव्हा, खरे सांगतो, अंगावर काटा आला.

यंत्राचे काम तसे साधे. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की ते आपली जागा आणि उंची काढते. आपण चालू लागलो की ठरावीक अंतराने एकेक बिंदू टिपत जाते. बिंदू जोडले की रेषा. त्यालाच ट्रॅक म्हणायचे. दर किती सेकंदांनी किंवा दर किती मीटरवर बिंदू घ्यायचा ते आपण ठरवायचे. मोकळ्या माळावर जागा पाच-दहा मीटरच्या आत बरोबर येते. कड्याखाली, घळीत किंवा दाट झाडीत मात्र संकेत आपटून उशिरा पोचतात आणि रेषा भरकटते.

सुरुवातीला मी सगळ्याच चुका केल्या. निघण्याआधी जुनी नोंद पुसायला विसरलो, तर मागच्या रविवारच्या गडापासून या रविवारच्या गडापर्यंत एक सरळ रेघ, जणू मी उडत आलो! जेवायला बसताना नोंद थांबवली नाही, तर बसल्या जागी रेषेचा गुंता आणि न चाललेले अंतर हिशेबात जमा. नावे तर घालतच नसे. यंत्र आपले तारीख टाकून मोकळे. महिन्याभराने ती कुठली वाट, मलाच कळेना. मुलांच्या वहीवर नाव-इयत्ता नसली तर वही परत करणारा मी!

पण या गमतीच्या चुका झाल्या. एक चूक गमतीची नव्हती.

२०१० च्या ऑक्टोबरात मी आणि शाळेतले एक जुने सहकारी तोरण्यावरून राजगडला गेलो. वेल्ह्यातून तोरणा चढलो, रात्री वर राहिलो आणि दुसऱ्या दिवशी बुधला माचीकडून उतरून डोंगरधारेने संजीवनी माचीच्या दिशेने निघालो. धुके असे की दहा पावलांवरचे कारवीचे झुडूप दिसेना. एका ठिकाणी धार सोडून आम्ही डावीकडच्या सोंडेवर गेलो. बरेच अंतर गेल्यावर वारा सुटला, धुके हलले आणि समोर कडा दिसला. पंधरा-वीस मिनिटे तिथेच बसून राहिलो. मग आल्या वाटेने परत. संध्याकाळी राजगडावर पिठले-भाकरी खाताना त्याचे काही वाटेनासे झाले होते. घरी आल्यावर नोंद सेव्ह केली आणि यंत्र कपाटात ठेवले.

माझ्या यंत्राची एक खोड मला तेव्हा ठाऊक नव्हती. चालू नोंदीत दहा हजार बिंदू मावत, पण ती सेव्ह केली की पाचशे बिंदूंत आटोपली जाई आणि प्रत्येक बिंदूची वेळ गळून पडे. म्हणजे आम्ही कुठे थांबलो, कुठून मागे फिरलो, याचा पत्ताच नाही. गेल्याची आणि आल्याची रेघ एकमेकींवर पडलेली. पडद्यावर पाहणाऱ्याला वाटावे, इथे वाटेला फाटा फुटतो आणि हा डावा फाटा चांगला मळलेला आहे.

पुढच्या वर्षी माझे चार जुने विद्यार्थी त्याच वाटेने निघाले. नुकतेच कॉलेजात गेलेले. मी मोठ्या रुबाबात यंत्र त्यांच्या हातात दिले. "माझी रेषा आहे त्यात. डोळे मिटून जा," असे म्हणालो. हे माझेच शब्द.

रात्री अकराला एका मुलाच्या आईचा फोन. "सर, पोरं पोचली का हो? फोन लागत नाही." मी म्हटले, पोचली असतील, डोंगरात रेंज नसते. फोन ठेवला आणि नोव्हेंबरातल्या त्या थंड रात्री मला एकाएकी ती सोंड आठवली. पहाटेपर्यंत मी खुर्चीत बसून होतो. बायकोने दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तो गार झाला.

सकाळी नऊला फोन आला. मुलांना उशीर झाला होता, बॅटरीच्या उजेडात रेषा पाहत ती चालली होती. पुढच्याच्या पायाखालचा दगड सुटला, त्याचा आवाज फार खालून आला, तेव्हा थांबली. रात्र त्यांनी तिथेच खडकाला टेकून काढली. सगळी सुखरूप होती. भेटल्यावर त्यातल्या एकाने अगदी साधेपणाने विचारले, "सर, तुम्ही त्या सोंडेवर कशाला गेला होतात?"

"अरे, यंत्राचा काही भरवसा नाही," मी म्हणालो. बिनदिक्कत. यंत्राने तर मी गेलो तेच लिहिले होते. खोटे मी बोललो. आठवडाभराने चौघांना घरी बोलावून खरे काय ते सांगितले. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, पण स्वतःची वही न तपासताच पोरांच्या हाती दिली होती.

तेव्हापासून एक शिस्त लावून घेतली. पूर्ण नोंद वेळेसकट मेमरी कार्डावर उतरू द्यायची. दोन दिवसांच्या आत, आठवण ताजी असताना, ती जीपीएक्स फाइल संगणकावर नकाशावर उघडायची. मूळ फाइल तशीच ठेवून दुसऱ्या प्रतीवर काम करायचे. एसटीचा प्रवास कापायचा, जेवणाचा गुंता सोडवायचा, चुकलेला भाग वेगळा काढायचा. फाइलच्या नावात कुठून, कुठे, कोणत्या महिन्यात, हे आलेच पाहिजे. ऑक्टोबरातली गवताळ वाट मे महिन्यात निराळीच दिसते.

चुकलेला भाग मी पुसून मात्र टाकत नाही. जिथे वाट चुकलो त्या बिंदूवर खूण करून लिहितो : "इथे डावीकडे जाऊ नये. पुढे कडा. आम्ही गेलो होतो." शेवटचे तीन शब्द लिहायला पहिल्यांदा जड गेले. पण तेच वाचून पुढचा माणूस थांबतो, असा माझा अनुभव आहे. नुसते "जाऊ नये" पोरे कधी ऐकतात?

आता पंचाहत्तरी जवळ आली. गुडघे गड चढू देत नाहीत. वाट नोंदवायला आता मोबाइलही पुरतो आणि ते पिवळे यंत्र टेबलावर पडून असते. अजूनही कुणी ना कुणी येतो, "सर, अमुक गडाचा ट्रॅक आहे का?" विचारतो. मी देतो, पण आधी समोर बसवून मी कुठे कुठे चुकलो ते दाखवतो. आणि "डोळे मिटून जा" असे आता कुणालाही म्हणत नाही.