पाना उचलण्याआधी

घरात काहीही बिघडलं की माणसं दुरुस्तीवाल्याला लक्षणं सांगतात. पंखा असेल तर तो आवाज करतो की नुसता हळू फिरतो, रेग्युलेटर फिरवल्यावर फरक पडतो की नाही, हे न विचारता कळतं. संडासाबद्दल मात्र ‘खराब झालाय, येऊन बघा’ एवढ्यावर निरोप संपतो. पाणी चढून येतंय की हळू उतरतंय, टाकी भरत नाही की भरून वाहतेय, वास सकाळी येतो की दिवसभर, यातलं काहीच त्या निरोपात नसतं. प्लंबरही मग आला की पाना काढतो आणि जो भाग हाताला सहज लागेल तो बदलतो. माझ्या मते संडासाची दुरुस्ती हे घरातल्या सोप्या कामांपैकी एक काम आहे. ती महागात पडते, आणि त्याच बिघाडासाठी पुन्हापुन्हा करावी लागते, कारण दोष कुठे आहे हे बघण्याचं काम घरचेही टाळतात आणि कारागीरही.

हे बघणं फार गुंतागुंतीचं नाही, कारण यंत्रच साधं आहे. वर पाणी साठवून एकदम सोडणारी टाकी आणि खाली ते पाणी वाहून नेणारं भांडं, इतकाच त्याचा पसारा. भांड्याच्या पोटात वळलेली नळी असते, तिला आपण ट्रॅप म्हणतो. तिच्यात कायम साधारण ५० मिलिमीटर उंचीचं पाणी अडकून राहतं आणि तेवढ्या पाण्यावर गटारातली हवा अडते. अलेक्झांडर कमिंग या लंडनमधल्या घड्याळजीने १७७५ मध्ये अशा वाकड्या नळीचं पेटंट घेतलं आणि आजही कमोड असो की देशी भांडं, तत्त्व तेच आहे. यंत्र दोनच भागांचं असल्यामुळे पहिला प्रश्नही एकच उरतो: दोष टाकीत आहे की टाकीच्या खाली? त्याचं उत्तर बादलीभर पाणी देतं. टाकीला हात न लावता सहा-आठ लिटर पाणी एका दमात भांड्यात ओतावं. ते खळ्ळकन निघून गेलं तर खालची वाट मोकळी आहे आणि फ्लश नीट होत नसेल तर खोट टाकीत किंवा टाकीतून भांड्यात येणाऱ्या वाटेत आहे. पाणी वर चढलं आणि रेंगाळत उतरलं तर टाकी उघडण्यात अर्थ नाही. पुढचा प्रश्न, शेजारची नहाणी तुंबते का? नहाणी कोरडी असेल तर अडथळा बहुधा भांड्याच्या ट्रॅपमध्ये किंवा लगेच पुढे आहे आणि रबरी पंपाने निघण्यासारखा आहे. नहाणीतूनही पाणी वर येत असेल तर तो सामाईक लाईनमध्ये किंवा चेंबरमध्ये आहे. तळमजल्यावरच्या घरात वरचे लोक पाणी वापरतात तेव्हाच भांडं भरत असेल, तर त्या घरातलं काहीच बिघडलेलं नाही. चेंबरचं झाकण उघडून कामट्या घालायला हव्यात. हे सगळं पाच मिनिटांत कळतं.

सर्वात जास्त पैसा आणि पाणी जातं ते मात्र तुंबण्यावर जात नाही, न दिसणाऱ्या गळतीवर जातं. जुन्या चाळींतल्या आणि इमारतींतल्या बिडाच्या, साखळी ओढायच्या उंच टाक्या आठवाव्यात. साखळी ओढली की आतलं घंटेच्या आकाराचं जड झाकण उचललं जायचं. सोडल्यावर पडताना ते पाणी मधल्या उभ्या नळीवरून लोटायचं आणि एकदा धार लागली की सायफन उरलेलं सगळं पाणी खेचून न्यायचा. त्या नळीचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर असल्यामुळे तिथून थेंबथेंब गळण्याचा प्रश्नच नव्हता. बॉल कॉक बिघडून पाणी वाढलं तर ते ओव्हरफ्लोच्या पाईपमधून बाहेर पडायचं आणि सगळ्या वाडीला दिसायचं. ब्रिटनमध्ये पाण्याची नासाडी टाळण्यासाठी अशी सायफनची टाकी नव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नियमाने बंधनकारक होती. आजच्या बसक्या टाकीत पाणी तळाशी असलेल्या रबरी वॉशरवर तोललेलं असतं आणि ओव्हरफ्लोची नळी आतल्या आत भांड्यात उतरते. वॉशर झिजला काय किंवा बॉल कॉक बंद व्हायचा थांबला काय, पाणी भांड्याच्या मागच्या भिंतीवरून पापुद्र्यासारखं ओघळत राहतं. ना आवाज, ना ओल. टाकी वापरायला सोपी झाली, पण बिघाड डोळ्याआड गेला, म्हणून तो मुद्दाम शोधावा लागतो.

शोधायला पेन्सिल पुरते. टाकी भरू द्यावी, खालचा अँगल कॉक बंद करावा, आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि अर्धा तास फ्लश करू नये. पातळी उतरली तर तळाचा वॉशर किंवा त्याची बैठक गळतेय. पातळी तिथेच राहिली, पण कॉक उघडल्यावर पाणी ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडापर्यंत चढून आत पडू लागलं, तर वॉशर निर्दोष आहे आणि बॉल कॉक पाणी अडवत नाही. शंका राहिलीच तर टाकीत खाण्याचा रंग टाकावा, भांड्यात रंग उतरला की उत्तर मिळालं. किती पाणी जातं तेही मोजता येतं: दहा मिनिटांनी पातळी जिथे आली तिथून पुन्हा खुणेपर्यंत मोजक्या बाटलीने पाणी घालावं. एक लिटर लागलं तर दिवसाला १४४ लिटर जातात. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हा आपल्याकडचा सरकारी मापदंड आहे. म्हणजे एका झिजलेल्या रबराने घरात एक न दिसणारा माणूस वाढवलेला असतो, आणि ज्या सोसायटीला उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो तिथे त्या माणसाचं पाणी सगळे मिळून विकत घेतात.

यावर व्यवहारी माणसाचं उत्तर ठरलेलं असतं. टाकीच्या आतला सगळा सेट काही फार महाग नाही. पेन्सिल घेऊन अर्धा तास बसण्यापेक्षा तो बदलून मोकळं का होऊ नये? प्लंबरच्या वेळेची किंमत धरली तर हिशेब वरवर बरोबर दिसतो आणि प्लास्टिक पिचलं असेल तर सेट बदलावाच. पण नवा सेट बसतो तो त्याच टाकीत आणि त्याच पाण्यावर. बोअरच्या जड पाण्याने वॉशरच्या बैठकीवर क्षारांची खर जमली असेल आणि ती बैठक तशीच ठेवून नुसता वॉशर बदलला, तर नवं रबरही तिथे नीट टेकत नाही. गच्चीवरची टाकी धुतल्यावर किंवा रस्त्यातली पाईपलाईन दुरुस्त झाल्यावर पाण्यात गाळ आणि वाळू येते. ती बॉल कॉकच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत अडकते किंवा आतल्या रबराखाली बसते. एकाच आठवड्यात इमारतीतल्या चार घरांच्या टाक्या बिघडल्या तर चार सेट एकदम मेले असं समजायचं कारण नाही. जाळी काढून धुतली की त्या पुन्हा चालतात. कारण न शोधता भाग बदलणाऱ्याला कधी यश येतं, कधी येत नाही, आणि दोन्ही वेळा का ते त्याला कळत नाही.

फ्लश क्षीण झाला की हीच घाई दिसते, फक्त पान्याऐवजी ॲसिडची बाटली येते. क्षीण फ्लशची कारणं बहुतेकदा साधी असतात. टाकीत पातळी खाली ठेवलेली असते, वॉशर लवकर खाली बसतो, किंवा कडेखालची भोकं क्षारांनी बुजलेली असतात. आरसा धरला की ती भोकं दिसतात. आणखी एक कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. जुनं भांडं दहा लिटर पाण्याच्या हिशेबाने घडवलेलं असतं आणि त्यावर तीन आणि सहा लिटरची दोन बटणांची टाकी बसवली जाते. दोन्ही वस्तू निर्दोष असतात, पण जोडी जमत नाही. ॲसिड म्हणजे पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल, ते क्षार विरघळवतं हे खरं. पण ट्रॅपमध्ये अडकलेलं कापड, केसांचा गुंता, सॅनिटरी पॅड, बाटलीचं बूच यांतलं काहीही त्याने विरघळत नाही. ते तिथेच राहतं, वर तुंबलेलं पाणी आम्लाचं होतं आणि नंतर जो पंप मारायला बसतो त्याच्या हातावर आणि डोळ्यांत ते उडतं. त्यातच कुणी ब्लीचिंग पावडर घातली तर क्लोरीन वायू निघतो, आणि संडासाची बंद, लहान खोली ही त्या वायूसाठी सर्वात वाईट जागा. तुंबलेल्या भांड्यात आधी काय ओतलंय हे प्लंबरला सांगितलंच पाहिजे, याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेणार नाही.

वासाचंही तसंच. वास आला की लोक फिनाईल वाढवतात, पण वास कधी येतो आणि कशाने जातो यातच त्याचं कारण असतं. उन्हाळ्यात घर बंद होतं, ट्रॅपमधलं पाणी आटलं, बादली ओतली आणि वास गेला: काही बिघडलेलं नाही. बादली ओतल्यावर वास जातो, पण वरच्या मजल्यावर फ्लश झाला की आपल्या भांड्यात गुडगुडतं, पातळी खाली जाते आणि वास परततो, तर व्हेंटचा पाईप बुजलाय. हवा वरून मिळत नाही म्हणून लाईन ती ट्रॅपमधून ओढते. बादली ओतूनही वास तसाच असेल तर भांड्यामागचा जोड किंवा शेजारची नहाणी तपासावी.

हे सगळं वैयक्तिक सोयीचं वाटत असेल तर खालच्या फ्लॅटच्या छताला आलेली ओल बघावी. शहरी मराठी माणसाच्या आयुष्यातली कितीतरी भांडणं या एका डागाखाली उभी राहतात. वरचे म्हणतात आमच्याकडे सगळं कोरडं आहे, खालचे म्हणतात फरशी फोडा, आणि मध्ये वॉटरप्रूफिंगवाला कोब्यापासून सगळं नवं करायचा अंदाज देतो. फरशी फोडण्याआधी ओलीला काही प्रश्न विचारता येतात. डाग रात्रंदिवस सारखाच ओला राहतो का? तसं असेल तर दाबाखालची पाण्याची लाईन संशयित आहे. घराचा मुख्य कॉक बंद ठेवला आणि डाग सुकू लागला तर संशय पक्का होतो. वापराच्या वेळीच ओल वाढते का? मग ड्रेनेज. त्यातही एक दिवस फक्त संडास बंद ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी नहाणीचं तोंड बुजवून वर दोन बोटं रंगीत पाणी उभं करावं. रंग खाली उतरला तर नहाणी, नाही तर संडास. संडासावर बोट आलं तरी भांडं उखडायची घाई नको. भांड्याभोवतीची फरशी पुसून कोरडी करावी, कडेने वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवाव्यात आणि फ्लश न करता थांबावं. फ्लशशिवायच कागद भिजला तर दोष जेट स्प्रेच्या कॉकचा किंवा टाकीला पाणी देणाऱ्या नळीचा. तिथला थेंब नळीवरून घरंगळत भांड्याच्या पायाशी येतो आणि आळ भांड्यावर येतो. फ्लशनंतरच भिजला तर मागचा जोड. ओल मुरायला आणि सुकायला वेळ लागतो, म्हणून या तपासाला आठवडा-दोन आठवडे जातात. ते फार वाटतात खरे, पण चुकीच्या जागी फोडलेली फरशी त्याहून जास्त वेळ खाते, आणि ओल तिच्या जागीच राहते.

मोठा आक्षेप वेळेचा नसून किळसेचा आहे, आणि तो मला हलका वाटत नाही. संडासाकडे बघायचं नाही हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं आणि बघण्याचं काम शतकानुशतकं जातीवर ढकललेलं आहे. आजची मोघम तक्रार त्याच सवयीची शेपटी आहे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचं काम स्वतः हातात घेतलं आणि कणकवलीच्या आश्रमातून ‘गोपुरी संडास’ पुढे आणला. देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी संडासाला बायोगॅसची जोड देण्याचं काम जन्मभर केलं. या माणसांनी संडासाकडे रचना म्हणून बघितलं, म्हणून त्यांना ती सुधारता आली. शिवाय वर सांगितलेल्या तपासांत घाणीला हात लावावाच लागत नाही. टाकीत पाणी येतं ते नळाचंच. किळस जिथे खरोखर जीव वाचवते ती जागा वेगळी आहे, सेप्टिक टँकची. घरात सगळीकडचंच पाणी हळू उतरू लागलं, विशेषतः पावसात, तर सेप्टिक टँक भरलाय किंवा शोषखड्डा पाणी घेत नाही, एवढं बाहेरूनच समजतं. आत उतरून बघण्यासारखं काहीही नसतं. तिथल्या हायड्रोजन सल्फाईडचं प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच थांबतं, म्हणून ‘वास नाही, उतर’ हे वाक्य माणूस मारतं. सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसणारा टँकर बोलवावा आणि झाकणापासून लांब उभं राहावं.

राहिला आमच्या प्लंबरांच्या धंद्याचा प्रश्न. बघूनच दोष सापडला आणि जाळी धुऊनच काम झालं तर प्लंबरने पैसे कशाचे घ्यायचे? बघण्याचेच. आज गिऱ्हाईक भागाचे पैसे देतं आणि तपास फुकट समजतं, म्हणून भाग बदलले जातात. घरच्यांनी बादलीचं आणि पेन्सिलीचं काम आधीच करून फोनवर सांगितलं, की पातळी खुणेखाली येते, नहाणी कोरडी आहे, ॲसिड घातलेलं नाही, तर कारागीर नेमका वॉशर घेऊन येतो आणि दुसरी खेप वाचते. त्याआधी एक गोष्ट मात्र करून ठेवावी लागते. टाकीखालचा अँगल कॉक वर्षानुवर्षं फिरवला नाही तर क्षारांनी जाम होतो आणि नेमक्या गरजेच्या दिवशी जोर लावताच तुटतो. चार-सहा महिन्यांतून एकदा तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. आधीच घट्ट बसला असेल तर जबरदस्ती न करता गच्चीवरची लाईन बंद करून तो बदलून घ्यावा.