उसनी गोळी

2022 च्या ऑक्टोबरात मी लेकीकडे न्यू जर्सीला होते. नातू कॉलेजातून चार दिवस घरी आला होता. त्याला लहानपणापासून एडीएचडी आहे, म्हणजे चित्त एका जागी ठरत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी ॲडरॉल नावाची गोळी दिली आहे.

एका रात्री तो गोळ्या मोजत बसलेला दिसला. "कमी पडतायत, आजी." त्याच महिन्यात तिथल्या औषध प्रशासनानं या औषधाचा तुटवडा जाहीर केला होता. मला वाटलं, म्हणूनच. पण तो हळूच म्हणाला, "चार मी रूममेटला दिल्या. परीक्षा होती त्याची. आईला सांगू नकोस."

खरं सांगते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपण नाही का शेजारणीला डोकेदुखीची गोळी देत? पण पुढचं ऐकून पोटात गोळा आला. तो मुलगा सलग दोन रात्री जागला, पेपर लिहिताना छाती धडधडू लागली आणि त्याला इस्पितळात न्यावं लागलं. आता बरा आहे. झोप उडाली होती ती आमच्या नातवाची.

मी म्हटलं, "मी नाही सांगणार. तूच सांग, मी शेजारी बसते."

सकाळी त्यानं सांगितलं. लेक ओरडली नाही. तिनं समजावलं, की अमेरिकेच्या कायद्यात ही गोळी कोकेनच्याच यादीत आहे. आपली गोळी मित्राला देणं हासुद्धा गुन्हा. ज्याला आजार नाही त्याची झोप पळते, आपण फार हुशार झालो असं वाटतं, पण न वाचलेला धडा काही डोक्यात शिरत नाही. 2023 मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकातला इशाराही तिथे आणखी कडक झाला: दुसऱ्याला देऊ नका.

मला मात्र माझा पाचवीचा वर्ग आठवला. एक मुलगा सतत चुळबुळ करायचा, वही अर्धीच सोडायचा. मी त्याला कितीदा बाकावर उभं केलं! त्याला हाच आजार होता का, आता कसं कळणार? पण तेव्हा ते विचारायचं मला सुचलंच नाही. मी फक्त त्याचे मार्क पाहिले. त्या रूममेटनंही मार्कच पाहिले, स्वतःची छाती नाही.

असो. नातू आता डबी कुलपात ठेवतो. तुमच्याकडे कुणी परीक्षेला बसलं असेल, तर अभ्यास किती झाला हे नंतर विचारा. आधी विचारा, रात्री झोपलास का?