हडंब्यावरची टेस

थॉमस हार्डीची ‘टेस ऑफ द ड’अर्बरव्हिल्स’ ही प्रेमकथा आहे, आणि ती मजुरीला जाणाऱ्या मुलीची प्रेमकथा आहे. सिनेमावाल्यांच्या हातून यातलं दुसरं वारंवार निसटतं. जुन्या इंग्रजी कादंबरीवरचा प्रेमपट म्हटला की पायघोळ झगे, मेणबत्त्यांची झुंबरं, नाचाचे हॉल डोळ्यांपुढे येतात. जेन ऑस्टिनवरच्या चित्रपटांनी ती सवय लावली आहे. टेस मात्र धारा काढते, गोठलेल्या जमिनीतून सलगम उपटते, पेंढ्या बांधते आणि सोडते.

विष्णुपुरीच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात मी ही कादंबरी शिकवत आलो आहे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतली मुलं आमच्याकडे येतात. शंकरसागर जलाशय हाकेच्या अंतरावर असला तरी यांतल्या बऱ्याच जणांची गावं कोरडवाहू. दसऱ्याच्या आसपास वर्गातल्या मुली कमी दिसू लागल्या की त्या सोयाबीन काढायला गेल्या असं समजावं. त्यांना हार्डी शिकवताना कथा घडते त्या डॉर्सेटचा नकाशा फारसा उघडावा लागत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. टेसचा बाप फेरीवाला आणि पिणारा. आपण जुन्या सरदार घराण्याचे वंशज आहोत हे एका पाद्र्याकडून कळल्यापासून त्याचे पाय जमिनीवर ठरत नाहीत. तो पिऊन पडलेला म्हणून रात्री टेस गाडी हाकते. तिला डुलकी लागते आणि समोरून येणाऱ्या टपालगाडीचा दांडा घोड्याच्या छातीत घुसतो. घरचं एकुलतं एक जनावर जातं. बैल दगावला की घरातल्या मोठ्या मुलीच्या शिक्षणाचं काय होतं, हे आमच्या वर्गाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. तो दोष मनात घेऊनच ती श्रीमंत ‘नातलगां’कडे कामाला जाते. नातं खोटंच असतं. त्या घराने ते आडनाव वरून लावून घेतलेलं असतं. त्या घरचा मुलगा अॅलेक तिच्यावर जबरदस्ती करतो. मूल होतं आणि जातं. पुढे दुधाच्या गोठ्यावर एंजल क्लेअर भेटतो, जीव जडतो, लग्न होतं. लग्नाच्या रात्री तो आपलं जुनं प्रकरण सांगतो आणि ती त्याला लगेच क्षमा करते. मग ती आपलं सांगते. तो तिला टाकून ब्राझीलला निघून जातो.

या कथेवर पहिली कात्री चालवली ती सिनेमाने नव्हे. १८९१मध्ये ‘द ग्राफिक’ साप्ताहिकात ती क्रमशः आली तेव्हा जबरदस्तीचा प्रसंग काढून तिथे खोट्या लग्नाची फसवणूक घालावी लागली. पाणी साचलेल्या वाटेवरून एंजल गवळणींना उचलून पलीकडे नेतो, तेही संपादकांना खपेना. हार्डीने त्याच्या हाती ढकलगाडी दिली. पुस्तक निघालं तेव्हा त्याने हे दोन्ही प्रसंग पूर्ववत केले.

सत्तेचाळिसावं प्रकरण मी वर्गात अख्खं वाचून घेतो. एंजल गेल्यावर टेस मजुरी करते त्या फ्लिंटकॉम्ब-अॅशच्या उघड्या माळावर पहाटे वाफेचं मळणीयंत्र लागलेलं असतं. इंजिनवाला उत्तरेकडचा, अंगभर काजळी. यंत्र घेऊन गावोगाव फिरणारा, पिकाशी आणि माणसांशी काही देणंघेणं नसलेला. टेसला यंत्राच्या माथ्यावर उभं केलेलं असतं. हातात आलेली प्रत्येक पेंढी सोडायची आणि यंत्राला भरवणाऱ्या गड्याच्या हाती द्यायची. इतर बायकांना अधूनमधून घोटभर एल किंवा गार चहा, दोन शब्द जमतात. तिला नाही, कारण यंत्र थांबत नाही आणि त्याला भरवणाराही थांबत नाही. संध्याकाळपर्यंत त्या थरथरीने अंग इतकं बधिर होतं की मन कुठे आणि हात कुठे, अशी तिची गत होते. यंत्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शेतावर ठरलेलं, म्हणून गंजी त्याच रात्री चांदण्यात संपवायची असते.

आमच्याकडे या यंत्राला हडंबा म्हणतात. वाफेच्या जागी ट्रॅक्टर आला, भाडं पोत्यामागे ठरतं, बाकी सगळं तेच. सोयाबीनची गंजी फोडायची, कवेत भरून यंत्राच्या तोंडाशी द्यायची, नाकातोंडाला पदर करकचून बांधलेला, पापण्यांवर भुसकट. पलीकडच्या रानात नंबर लागलेला असतो, म्हणून ट्रॅक्टरच्या दिव्यात काम चालू राहतं. हे प्रकरण वाचून झालं की मुली बोलायला लागतात. घरी गेल्यावर झोपेतही हात हलत राहतात, असं एकीने सांगितलं होतं. टीकाग्रंथांतली कितीतरी पानं मी त्या एका वाक्यावरून ओवाळून टाकीन.

मळणीच्या त्याच दिवशी अॅलेक टेसला गाठतो. जेवणाच्या सुट्टीत तो तिच्या नवऱ्याला नावं ठेवतो आणि ती कातडी हातमोजा त्याच्या तोंडावर हाणते, रक्त येतं. संध्याकाळी तो पुन्हा येतो आणि तिच्या भावंडांची सोय लावायची भाषा करतो. आता तिच्यात हात उचलण्याचं त्राण नसतं. पुढे बाप मरतो, घर जातं, ती अॅलेककडे राहायला जाते. वाचक तिथे तिचं चारित्र्य तपासत बसतात. मला वाटतं, टेस हरली ती हडंब्यावर. तिचं प्रेम आटलेलं नव्हतं. ते राखायला लागणारी ताकद रोजाने विकली गेली होती.

म्हणून या कादंबरीवरचा कोणताही चित्रपट मी याच कसोटीवर पाहतो. रोमन पोलान्स्कीच्या ‘टेस’मध्ये (१९७९) मळणीयंत्र आहे, धूर आहे, चिखल आहे. नास्तासिया किन्स्कीचा तो चित्रपट फ्रान्समध्ये चित्रित झाला आणि छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि वेशभूषेची ऑस्कर घेऊन गेला. अल्पवयीन मुलीसंबंधीच्या लैंगिक गुन्ह्याची कबुली देऊन १९७८मध्ये अमेरिकेतून पळालेल्या माणसाने टेसची गोष्ट सांगावी, हे मला तेव्हाही टोचलं, आजही टोचतं. चित्रपट शिकवताना मी ते वर्गापासून लपवत नाही.

हिंदीत टेस झाली ती आपल्या मराठी घरची मुलगी. डी. डी. कश्यप यांच्या ‘दुल्हन एक रात की’मध्ये (१९६७) नूतनसमोर धर्मेंद्र आणि रहमान होते. लोकांच्या लक्षात राहिली ती मदनमोहनची गाणी. नूतनने त्याआधी ‘सुजाता’ आणि ‘बंदिनी’ केले होते. अन्याय सोसताना चेहऱ्यावर दीनपणा येऊ न देण्याची तिची ताकद पाहता, तिला कुणी दिवसभर मळणीयंत्रावर उभं केलं असतं तर जगातली सर्वोत्तम टेस ती ठरली असती, असं मी मनापासून मानतो. राजीव कपूर यांचा ‘प्रेमग्रंथ’ (१९९६) याच कथेचा दूरचा वारस. त्यात माधुरी दीक्षित. पुन्हा मराठीच.

मायकेल विंटरबॉटमने ‘तृष्णा’मध्ये (२०११) ही कथा राजस्थानात आणली, मजुरीकडे नीट पाहिलं, पण अॅलेक आणि एंजल यांचा एकच पुरुष केला. तिथे माझा आक्षेप आहे. एक पुरुष शरीरावर हक्क सांगतो आणि दुसरा सुधारणेच्या गप्पा मारत नैतिकतेवर. दोघे वेगळे राहिले तरच दुसऱ्याचा अपराध दिसतो.

तो अपराध आपल्याकडे हार्डीच्या आधी बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी पकडला होता. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली. त्या खटल्यावरून उसळलेल्या संतापातून १८८२मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे त्यांचं पुस्तक आलं. दोघांनी केलेल्या गोष्टीची शिक्षा एकटीलाच का, हा ताराबाईंचा प्रश्न. टेसने एंजलला विचारायला हवा होता तो हाच.

टेसचा चित्रपट मराठीत, मराठवाड्यात व्हावा असं मला फार वाटतं. मुखेड-कंधारकडची मुलगी, मुकादमाकडून उचल घेतलेला बाप. एंजल लातूरला शिकलेला, फुले-आंबेडकर वाचलेला, सभेत छान बोलणारा. अॅलेकचा खून करून निघालेल्या टेसला हार्डीने शेवटी स्टोनहेंजच्या शिळेवर निजवलं, तिला दोषी ठरवणाऱ्या धर्माहूनही जुन्या जागी. आपल्याकडे कंधारला राष्ट्रकूटकालीन महाकाय क्षेत्रपालाच्या मूर्तीचे भग्न अवशेष आहेत. पोलिसांनी तिला तिथे पकडावं. चित्रीकरण ऑक्टोबरातच ठेवावं आणि हडंब्याचा आवाज स्टुडिओत बनवू नये. यंत्र भाड्याने मिळायला तेव्हा सगळ्यांत अवघड जातं, पण नायिकेने त्यावर निदान एक गंजी पूर्ण केल्याशिवाय अॅलेकचा प्रसंग घेऊच नये.