मोतीचा हिशेब

जैन घरांत कुत्रा पाळण्याची रीत फारशी नाही. शेवटची पोळी त्याच्यासाठी बाजूला काढावी, उन्हाळ्यात दारापुढे पाण्याचे भांडे भरून ठेवावे, एवढे नाते पुरेसे मानले जाते. त्या नात्याला इतिहास मात्र आहे. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि १८३४ साली जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने तेथील पांजरापोळ उभी राहिली. मुक्या जिवाला मरणापासून वाचवणे हे कर्तव्य व्यापारी समाजाने असे निष्ठेने पाळले. वाचवलेल्या जिवाची काळजी कशी घ्यावी, हा त्याच्या पुढचा प्रश्न आहे. मराठवाड्यातील एका मोंढ्यात भुसाराची अडत चालवणाऱ्या कुटुंबापुढे तो प्रश्न मोती नावाच्या कुत्र्याने आणून ठेवला.

मोतीला कोणी आणले नव्हते. एका पावसाळी रात्री तो गोदामाच्या ओसरीवर आला आणि तेथेच राहिला. बाबूजींनी त्याला हाकलू दिले नाही. घरात सगळे ज्यांना बाई म्हणत, त्या बाबूजींच्या पत्नी, रोज सूर्यास्तापूर्वी त्याच्यासाठी दूध-पोळी पाठवू लागल्या. सात वर्षे गेली. गोदामात मोती आहे म्हणून रात्री निश्चिंत झोप लागते, असे मुनीमजीही म्हणू लागले.

आठव्या वर्षी आषाढात मोतीला खाज सुटली. पाठीवर, शेपटीच्या बुडाशी तो सारखा दातांनी ओरबाडू लागला. गावातल्या पशुवैद्यांनी पाहिले आणि पिसवा झाल्याचे सांगितले. त्यांनी पिसवांवरचे औषध लिहून दिले, आणि खाज शमावी म्हणून दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. दहा दिवसांनी पुन्हा दाखवायला सांगितले.

पिसवांवरचे औषध घरात आले, पण उघडले गेले नाही. त्याने पिसवा मरतात, हे बाबूजींना कळले होते. एका जिवाची खाज जावी म्हणून शेकडो जीव हाताने मारायचे, हे त्यांच्या मनाला पटेना. गोळ्यांनी मात्र चमत्कार केला. दोन दिवसांत मोती शांत झोपू लागला. कोणताही जीव मेला नाही आणि मोतीही सुखी झाला, असे त्यांना वाटले. दहा दिवसांनी गोळ्या संपल्या आणि खाज परतली. बाबूजींनी तीच चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून आणखी एक पाकीट आणवले. मग आणखी एक. रोज संध्याकाळी पोळीच्या घासात गोळी दडवून ते स्वतःच्या हाताने मोतीला भरवत. पुन्हा दाखवायला जाण्याचे राहून गेले. घरात इतर कोणाला याची फारशी जाणीव नव्हती. बाबूजी मोतीला काहीतरी देतात, एवढेच सर्वांना ठाऊक होते.

दिवाळीनंतर मोती बदलू लागला. तो पाणी फार पिऊ लागला. रात्रीतून बादली रिकामी होई आणि सकाळी गोदामाची फरशी ओली असे. त्याची भूक वाढली, पोट सुटले, पाय बारीक झाले. थंडीतही तो धापा टाकी. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गळाले आणि खालची कातडी कागदासारखी पातळ दिसू लागली. पोत्यांना ओल लागू लागली तेव्हा मुनीमजींनी सुचवले, की रात्री पाणी उचलून ठेवावे. बाईंनी त्याला ठाम नकार दिला. “तहान लागलेल्याचे पाणी काढून घेण्यासाठी का त्याला आसरा दिला?” असे त्या म्हणाल्या. हा नकार दयेपोटी होता, पण तो वैद्यकशास्त्रालाही धरून होता, हे पुढे कळले. ज्या प्राण्याची लघवीच अतोनात होते, त्याचे पाणी तोडले तर काही तासांत त्याच्या जिवावर बेतू शकते.

फाल्गुनात थोरल्या मुलाने गावातच मोतीचे रक्त तपासून घेतले. अहवालात एका ओळीपुढे १६४० असा आकडा होता. त्याच ओळीत निरोगी कुत्र्याची वरची मर्यादा १५० दिली होती. ती ओळ अल्कलाइन फॉस्फेटेज नावाच्या विकराची, म्हणजे एन्झाइमची होती. नात्यातल्या एका डॉक्टरांना अहवाल पाठवला. ते माणसांचे डॉक्टर. त्यांनी यकृताचा आजार असावा, असे मत दिले. महिनाभर यकृताचे टॉनिक चालले. आकडा उतरला नाही. कोणी म्हणाले, वय झाले आहे. कोणी म्हणाले, एक इंजेक्शन देऊन त्याला सोडवावे. ते शब्द ऐकल्यावर बाबूजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मोतीला गाडीत घालून ते मुलासह पुण्याला निघाले.

तेथील पशुवैद्यांनी अहवाल पाहण्याआधी मोतीला पाहिले, त्याच्या पोटावरून हात फिरवला, कातडी चिमटीत धरून पाहिली आणि विचारले, “याला कोणते औषध चालू आहे?”

“टॉनिकखेरीज काही नाही,” मुलगा म्हणाला.

बाबूजी काही क्षण गप्प राहिले. मग त्यांनी कोटाच्या खिशातून गोळ्यांचे पाकीट काढून टेबलावर ठेवले. प्रेडनिसोलोन. आठ महिने, रोज एक.

डॉक्टरांनी दोष दिला नाही. व्यापाऱ्याला समजेल अशा भाषेत त्यांनी तो आकडा उलगडून सांगितला. अल्कलाइन फॉस्फेटेज हे एकाच ठिकाणी तयार होत नाही. यकृत, हाडे, आतडी अशा अनेक ठिकाणांहून ते येते. वाढत्या वयाच्या पिल्लात हाडांमुळे ते जास्त दिसते. पित्ताचा मार्ग अडला तर वाढते. फिटवरच्या काही औषधांनीही वाढते. एकाच नावाच्या खात्यावर चार पेढ्यांच्या रकमा जमा व्हाव्यात, तसे हे आहे. बाकी मोठी दिसते, पण रक्कम कोणाची, हे बाकीवरून कळत नाही. शिवाय कुत्र्याच्या बाबतीत एक पाचवी पेढी असते. कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा किंवा त्याच जातीच्या स्टेरॉइड औषधाचा मारा दीर्घकाळ झाला, तर कुत्र्याचे यकृत या विकराचा एक खास प्रकार तयार करू लागते. हा प्रकार माणसात नाही, मांजरातही नाही. म्हणून माणसांच्या डॉक्टरांना त्या आकड्यात केवळ यकृत दिसले, यात नवल नव्हते. हा खास प्रकार वेगळा मोजता येतो. पण तो इतर आजारांतही वाढत असल्याने तेवढ्यावर निदान करता येत नाही. आकडा ‘येथे शोधा’ एवढेच सांगतो. काय सापडेल, ते सांगत नाही.

कॉर्टिसॉल वाढल्याने होणाऱ्या या विकाराला अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांचे नाव आहे. त्यांनी १९१२ साली माणसांतील असा विकार वर्णन केला. कुत्र्यांत तो आपोआपही होतो, आणि बहुतेक वेळा त्याचे मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतील लहानशा गाठीत असते. काही कुत्र्यांत मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथीतच गाठ असते. पण तिसरा मार्ग बाहेरून येतो, औषधाच्या पाकिटातून. तिन्हींची बाह्य लक्षणे सारखीच दिसतात, विकराचा आकडाही सारखाच चढतो, उपचार मात्र वेगळे. आपोआप झालेल्या विकारात कॉर्टिसॉल आवरणारे औषध द्यावे लागते. मोतीला ते दिले असते तर घातच झाला असता.

म्हणून आणखी एक चाचणी आवश्यक होती. आधी रक्त घ्यायचे, मग अधिवृक्क ग्रंथीला जागे करणाऱ्या संप्रेरकाचे इंजेक्शन द्यायचे आणि तासाभराने पुन्हा रक्त घेऊन दोन्ही वेळचे कॉर्टिसॉल मोजायचे. इंजेक्शनचे नाव निघताच बाबूजींनी विचारले, “डॉक्टरसाहेब, हे कोणत्या प्राण्यापासून काढतात?”

डॉक्टरांना प्रश्नाचा रोख कळला. पूर्वी हे संप्रेरक डुकरांच्या ग्रंथींतून काढीत, हे त्यांनी लपवले नाही. आता वापरतात ते प्रयोगशाळेत रासायनिक रीतीने घडवलेले असते; मूळ संप्रेरकाच्या ३९ दुव्यांच्या साखळीतले पहिले २४ दुवे तेवढे त्यात असतात, आणि काम तेवढ्यानेही होते. बाबूजींनी मान डोलावली.

निकाल स्पष्ट होता. इंजेक्शनपूर्वीचे कॉर्टिसॉल कमी होते आणि तासाभरानंतरचेही कमीच. बाहेरून रोज आयता माल येत राहिल्याने मोतीच्या ग्रंथींनी आपले उत्पादन जवळजवळ बंद केले होते. मेंदूतील गाठ नव्हती, अधिवृक्कातील नव्हती. आजार गोळ्यांचा होता.

बाबूजींचे हात थरथरले. “आजपासून एकही गोळी देणार नाही,” ते म्हणाले.

“तेच करू नका,” डॉक्टर म्हणाले. गोळ्या एकाएकी थांबल्या आणि ग्रंथी अजून झोपलेल्या असल्या, तर शरीरात कॉर्टिसॉल उरणारच नाही. उलट्या, गळाठा आणि मग कोसळणे. मात्रा हळूहळू, आठवड्यांच्या हिशेबाने उतरवायची होती. औषधाला शत्रू मानण्याचेही कारण नव्हते. १९४८ साली संधिवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन प्रथम दिले गेले तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली, आणि १९५० साली त्या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. दहा दिवसांसाठी दिलेली गोळी योग्यच होती. आठ महिन्यांची चूक गोळीची नव्हती.

परतीच्या वाटेवर बाबूजी काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी एक कोरी वही काढली. पहिल्या पानावर तारीख घातली आणि रकाने आखले: गोळीची मात्रा, प्यायलेले पाणी, खाणे, उलटी. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरहून अधिक पाणी म्हणजे आजाराची खूण, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मोतीचे वजन १८ किलो. म्हणजे मर्यादा १.८ लिटर. पहिल्या दिवसाची नोंद तीन लिटरांहून अधिक निघाली. पन्नास वर्षे शेतकऱ्यांच्या धान्याचा दाणा न् दाणा बिनचूक तोलणारा माणूस, आपण भरवलेल्या गोळ्या एकदाही मोजू शकला नव्हता. ही बोच त्यांनी कोणाला बोलून दाखवली नाही. वही मात्र एक दिवसही चुकली नाही.

मूळ प्रश्न उरलाच होता: पिसवांचे काय? त्या वर्षी गावात चातुर्मास होता. बाबूजींनी महाराजसाहेबांपुढे सगळे सांगितले. महाराजसाहेबांनी औषध द्या असे म्हटले नाही, देऊ नका असेही म्हटले नाही. त्यांनी विचारले, “धान्यात कीड होऊ नये म्हणून तुम्ही काय करता?”

उत्तर बाबूजींच्या ओठांवर होते. धान्य वाळवतो, ओल राहू देत नाही, जुनी पोती झटकतो, गोदाम झाडतो. जीवोत्पत्तीच होऊ नये म्हणजे हिंसेचा प्रसंग येत नाही, हे प्रत्येक जैन भुसारी लहानपणी शिकतो. मोती मात्र वर्षानुवर्षे त्याच ओलसर पोत्यावर झोपत होता. ते पोते कधी उन्हात पडले नव्हते. यतना धान्यापुरती होती. मोतीच्या वाट्याला केवळ दया आली होती. पिसवांचा जीव वाचवताना आपण मोतीचा जीव पणाला लावला, आणि दोन्हींच्या मुळाशी प्रमाद होता, हे बाबूजींना तेथे बसल्या बसल्या उमगले.

पोते गेले. धुता येईल असे जाड कापड आले, ते दर दोन दिवसांनी उन्हात पडू लागले. धाकटी सून रोज बारीक दातांच्या फणीने मोतीचे अंग विंचरू लागली. खाज निम्म्याहून कमी झाली. तरीही श्रावणात संततधार लागली तेव्हा पिसवा पुन्हा वाढल्या आणि डॉक्टरांनी औषधाला पर्याय नसल्याचे सांगितले. बाबूजींनी ते औषध दिले, आणि त्या दिवशी उपवास केला. गृहस्थाला सगळी हिंसा टाळता येत नाही. जी टाळता येते ती आळसाने घडू द्यायची नाही आणि जी टळत नाही ती ओझे म्हणून वाहायची, एवढेच त्याच्या हाती असते.

गोळ्या ज्येष्ठातच पूर्ण थांबल्या होत्या. वहीतले पाणी दीड लिटरांवर आले, मग एकावर. भाद्रपदाच्या सुरुवातीला पुन्हा रक्त तपासले. विकराचा आकडा २१० होता. ग्रंथींची चाचणीही डॉक्टरांनी पुन्हा केली. त्या जाग्या झाल्या होत्या. मोतीच्या कुशींवर मऊ केसांची लव उगवली होती.

संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमण आटोपून बाबूजी गोदामावर आले. लहानथोर सर्वांशी क्षमापना झाली होती. मुनीमजी कुलूप लावायला उभे होते. बाबूजी ओसरीवर बसले, मोती जवळ आला, आणि बाबूजींनी हात जोडून त्याला हळू आवाजात मिच्छामि दुक्कडम् म्हटले. मोतीने रोजच्या सवयीने त्यांचा हात हुंगला. त्या वेळी तेथे गोळी दडवलेला घास मिळत असे.

हात रिकामा होता. मोती शेपूट हलवीत आपल्या वाळलेल्या कापडावर जाऊन पडला. बाबूजींनी वही उघडली आणि त्या दिवसाची नोंद पूर्ण केली.