चौदा बाय दहाचे चित्रपटगृह

मध्यमवर्गीय घरात काय मावत नाही? फ्रीज मावतो, कपड्यांचे यंत्र मावते, दिवाळीला आलेली सात माणसे मावतात, आणि त्यांच्या पिशव्यासुद्धा मावतात. मावत नाही ते फक्त अंतर. आमच्या डोंबिवलीच्या हॉलची लांबी १४ फूट आणि रुंदी १० फूट. लांबीच्या एका भिंतीला कोच आणि समोरच्या भिंतीला टीव्ही. मधून स्वयंपाकघराकडे जाण्याचा हमरस्ता. या दहा फुटांत आम्ही चार पिढ्या नांदतो आणि एकमेकांचे पाय तुडवीत नाही, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

अशा घरात सिनेमाचा प्रोजेक्टर आणण्याची कल्पना कुणी काढली असती, तर एरवी मी त्याला वेड्यात काढले असते. पण ही कल्पना चैनीतून निघालेली नव्हती. कारण होते माझ्या आईचे डोळे.

आईचे वय ८४. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजू लागला. या दुखण्यात माणूस ठार आंधळा होत नाही. कडेकडेचे दिसते आणि नेमके जिथे पाहावे तिथे मळभ येते. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नसतो. वस्तू मोठी करून दाखवली किंवा जवळ आणली तरच काही पदरात पडते. म्हणून आई टीव्हीच्या पुढ्यात दोन फुटांवर खुर्ची टाकून बसू लागली. आमचा टीव्ही ३२ इंची. तिच्या पाठीमागे आम्ही पाच जण मान वाकडी करून बसत असू. कुणी काही बोलत नसे, पण न बोलणेही ऐकू येते. एके दिवशी तिने खुर्ची उचलून आतल्या खोलीत नेली. "मला काय बघायचं राहिलंय आता? तुम्ही बघा," म्हणाली. त्यानंतर संध्याकाळी हॉलमध्ये टीव्ही चाले आणि आतल्या खोलीत अंधारात आई जपमाळ घेऊन बसे. ते काही मला पाहवेना.

मोठा टीव्ही का नाही, हे तुम्ही विचारण्याआधी आमच्या सौ.ने विचारले होते. खरे सांगायचे तर ज्याला दिवसाढवळ्या क्रिकेट पाहायचे आहे, त्याने टीव्हीच घ्यावा. प्रोजेक्टरच्या नादी लागू नये. भर उन्हात प्रोजेक्टरचे चित्र म्हणजे धुतल्या कपड्यावर उरलेला चहाचा डाग. पण आमची इमारत बिनलिफ्टची, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि जिन्याचे वळण असे, की शेजाऱ्यांचे कपाट आजही दुसऱ्या मजल्यावर राहते. ७५ इंची टीव्हीची पेटी त्या वळणावरून येणार नाही, हे दोरी लावून मोजले. शिवाय साडेपाच फुटांची काळी पाटी दिवसरात्र भिंतीवर मिरवायची, हे सौ.ला मुळीच पसंत नव्हते.

प्रोजेक्टरचा हिशेब सोपा आहे, आणि तो दुकानात जाण्याआधीच करावा. यंत्राच्या भिंगापासून पडद्यापर्यंतचे अंतर भागिले चित्राची रुंदी. या भागाकाराला 'थ्रो रेशो' म्हणतात. साध्या प्रोजेक्टरचा हा आकडा दीडच्या आसपास असतो. १०० इंची चित्र म्हणजे कर्णाची लांबी १०० इंच. त्याची रुंदी सुमारे ८७ इंच. त्याला दीडने गुणले की होतात १० फूट ११ इंच. आमची खोली १० फुटांची! म्हणजे चित्र आमच्या घरात आणि यंत्र शेजाऱ्यांच्या देवघरात. ८० इंची चित्र घेतले तर यंत्र पावणेनऊ फुटांवर, कोचावरच्या डोक्यांच्या वर फळीवर कसेबसे बसते. पण मग हमरस्ता आड येतो. सूनबाई पोळी वाढायला निघाली, की नायकाच्या छातीवर तिची सावली आणि हातातली चिमट्यासकट पोळी!

७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ झाला. तेव्हापासून सिनेमाघराचा रिवाज ठरून गेला आहे: यंत्र मागे, माणसे मध्ये, पडदा पुढे, आणि मधल्या माणसांनी उठायचे नाही. घरातली माणसे मात्र उठतात. दूध उतू जाते, दाराची घंटा वाजते, नातवाला नेमकी तहान लागते. म्हणून घराला हवा तो 'शॉर्ट थ्रो' प्रोजेक्टर. क्रिकेटच्या भाषेत, आखूड टप्प्याचा. त्याचे भिंग इतक्या रुंद कोनाचे असते, की भागाकार अर्ध्याच्या आसपास येतो. ८० इंची चित्राची रुंदी ७० इंच. म्हणजे यंत्र भिंतीपासून ३५ इंचांवर, जेमतेम तीन फूट. माणसे यंत्राच्या मागून येतात-जातात आणि सावली पडत नाही. माझ्या मते या यंत्राचा खरा गुण हाच. चित्र मोठे होते आणि हॉल हॉलच राहतो.

याहूनही आखूड जात आहे. तिला 'अल्ट्रा शॉर्ट थ्रो' म्हणतात. त्यात प्रकाश वाकड्या आरशावरून वर फेकतात आणि यंत्र भिंतीलगतच्या ठेंगण्या कपाटावर, वीत-दोन विती अंतरावर बसते. दिसायला फार देखणे. पण प्रकाश भिंतीला घासत वर जात असल्यामुळे गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो, आणि गुंडाळीचा पडदा लावला तर त्याची लाट चित्रात उतरते. त्याला ताणून बसवलेला खास पडदा लागतो. तसा पडदा छतावरच्या ट्यूबलाइटचा उजेड बाजूला सारतो हे खरे, पण यंत्र आणि पडदा मिळून हिशेब लाखाच्या पुढे सहज जातो. त्यातून आमचा नातू नऊ वर्षांचा. झगझगीत झरोका असलेली पेटी त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर ठेवायची आणि त्याने आत डोकावून पाहू नये अशी अपेक्षा करायची, हे काही खरे नव्हे. डोके जवळ आले की उजेड कमी करण्याची सोय बऱ्याच यंत्रांत असते. पण आमच्या नातवाच्या डोक्याचा वेग कोणत्याही यंत्राला झेपण्यासारखा नाही!

मग लॅमिंग्टन रोड झाला. चिरंजीव आणि मी दोन शनिवार हिंडलो. एका दुकानदाराने नऊ हजार रुपयांचे यंत्र दाखवून "साहेब, नऊ हजार लुमेन्स!" असे सांगितले. रुपयाला एक लुमेन हा भाव मला संशयास्पद वाटला. उजेडाचे मोजमाप सांगताना नुसते 'लुमेन्स' म्हटले असेल तर कान टवकारावेत. 'अॅन्सी लुमेन्स' किती, हे विचारावे. ते मोजण्याची पद्धत ठरलेली आहे. दुसरी मखलाशी 'फोर-के सपोर्टेड' या शब्दांची. याचा अर्थ यंत्र तसले चित्र आत घेते एवढाच; दाखवते ते आपल्या कुवतीप्रमाणे. चार भाषांतली पत्रे स्वीकारणारा पोस्टमन चारही वाचू शकतो असे नव्हे. विचारायचे ते 'नेटिव्ह रेझोल्यूशन'. आणि दुकानाच्या काळोख्या खोलीत सगळीच यंत्रे सुंदर दिसतात, जशी मांडवात सगळीच मुले शहाणी दिसतात. आम्ही ट्यूबलाइट लावायला सांगितली. दोन यंत्रे तिथल्या तिथे फिकी पडली.

१०० इंच की ८० इंच, यावर घरात खडाजंगी झाली. नातू शंभराच्या बाजूचा. पण उजेड तेवढाच असतो, तो पसरतो. शंभर इंची चित्राचे क्षेत्रफळ ऐंशीच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे प्रत्येक ठिकाणी उजेड तितका कमी. आईच्या डोळ्यांना आकाराइतकाच काळ्यापांढऱ्यातला ठसठशीत फरक लागतो. ऐंशी इंची चित्र आमच्या टीव्हीच्या अडीचपट रुंद. कोचावर बसून सात फुटांवरून ते पाहणे म्हणजे जुना टीव्ही पावणेतीन फुटांवरून पाहण्यासारखे. आईची खुर्ची जिथे होती, त्याच्या जवळपास आम्ही कोच न हलवता पोचत होतो. ऐंशी ठरले.

दिव्याचे यंत्र घ्यावे की लेझरचे? दिवा साधारण तीन ते पाच हजार तास टिकतो, मग बदलावा लागतो. लेझरचा उजेड वीस हजार तास चालतो असे सांगतात. रोज अडीच तास धरले तर ती बावीस वर्षे झाली. मी आज ६२ वर्षांचा. यंत्र विझेल तेव्हा मी आईच्या आजच्या वयाचा असेन. लेझरचे घेतले.

यंत्र टीपॉयवर ठेवता आले असते, पण वायर हमरस्त्यात आली असती, आणि काठी टेकत चालणाऱ्या आईच्या वाटेत वायर नको. म्हणून छताला टांगले. पंख्याच्या पात्यांपासून चार बोटे जागा सुटावी म्हणून चित्र थोडे गॅलरीकडे सरकवले. आखूड टप्प्याच्या यंत्राची एक खोड सांगून ठेवतो. ते एक इंच मागे सरकले की चित्र दोन इंचांनी रुंद होते, आणि किंचित तिरके झाले की चौकोनाची पतंग होते. 'कीस्टोन' नावाची कळ दाबून ते सरळ करता येते, पण त्यात चित्राचे काही ठिपके वाया जातात. वायरमनला दोन चहा जास्त पाजावेत, पण यंत्र सरळ टांगून घ्यावे.

आवाजाचीही एक गंमत झाली. यंत्राच्या पोटातला स्पीकर अशक्त, शिवाय छताला. पहिल्या दिवशी संवाद वरून येऊ लागले तेव्हा आईने हात जोडले. तिला वाटले, आकाशवाणीच! दुसऱ्या दिवशी स्पीकर चित्राखाली आणून ठेवला.

राहिली भिंत. रंगाऱ्याने पुट्टी भरून, पॉलिश पेपरने घासून, बिनचकाकीचा पांढरा रंग दिला. तिथे वडिलांचा फोटो होता. तो काढायचा म्हटल्यावर आई एवढेच म्हणाली, "अडगळीत टाकू नका त्यांना." फोटो कोचाच्या वर, समोरच्या भिंतीवर लावला. "आता त्यांनाही दिसेल," सूनबाई म्हणाली. आईला हे पटले असावे. तिने फोटो सरळ लागला की नाही ते हाताने चाचपून पाहिले.

आईचे माहेर गिरगावातले. गणपतीत गल्लीत आडवे कापड बांधून सिनेमा दाखवीत. पुढच्या बाजूला गर्दी, म्हणून चाळीतल्या मुली कापडाच्या मागे बसत. मागून सगळे उलटे दिसे: उजव्या हाताची माणसे डावरी होत, नावे उलटी येत. अर्धे सिनेमे आपण उलटेच पाहिले, असे ती आम्हांला लहानपणी सांगत असे.

पहिल्या रविवारी १९६० सालचा 'जगाच्या पाठीवर' लावायचे ठरले. जुना सिनेमा चौकोनी असतो. पडद्याच्या दोन्ही कडा काळ्या राहून चित्र साडेचार फूट रुंदीचे उमटते. नातवाला ते ताणून कडेपर्यंत न्यायचे होते. मी नेऊ दिले नाही. राजा परांजपे ताणून रुंद करण्याचा अधिकार कुणालाच नाही. नातू हिरमुसला आणि रिमोट घेऊन यंत्राच्या पोटातल्या याद्या चाळू लागला. यंत्र छताला आहे की टेबलावर, पडद्याच्या पुढे आहे की मागे, हे सांगण्याची तिथे एक यादी असते. त्याने 'मागे' केले.

श्रेयनामावली सुरू झाली. कोचावर शांतता. आमच्या कुणाच्या काही लक्षात येण्याआधीच आई काठीवर रेलून पुढे झुकली.

"अरे, अक्षरं उलटी आहेत," ती म्हणाली. "आपण मागच्या बाजूला बसलोय की काय?"

दोन वर्षांत तिने एक अक्षर वाचले नव्हते. सौ.ने माझ्याकडे पाहिले. नातू घाईघाईने चित्र सरळ करू लागला, तेव्हा आई त्याला म्हणाली, "राहू दे रे थोडा वेळ. मला सवय आहे."