घसारा

कॉमर्सच्या पदवीचा आयुष्यात एकदा तरी प्रत्यक्ष उपयोग होतोच, असे आमचे बुककीपिंगचे सर म्हणत असत. मला तो पंचवीस वर्षांनी झाला, आणि तोही कुठे, तर काश्मीरात, गुलमर्गला, समुद्रसपाटीपासून 2650 मीटर उंचीवर, बर्फात उताणा पडलेल्या अवस्थेत. दोन्ही पाय आकाशाकडे, पायांना लांबलचक फळ्या, आणि कॉलरमधून आत शिरलेला बर्फ पाठीच्या कण्याने हळूहळू खाली चाललेला. त्या क्षणी मला ‘घसारा’ हे प्रकरण संपूर्ण समजले.

तोपर्यंत घसारा म्हणजे यंत्राची किंमत दरवर्षी अमुक टक्क्यांनी कमी करून खतावणीत नोंद टाकायची, एवढीच माझी समजूत होती. परीक्षेत त्याच्या दोन पद्धती विचारीत. एक स्थिर हप्त्याची, दुसरी घटत्या शिल्लकेची. बर्फावर मी दोन्ही करून पाहिल्या. पहिल्या पद्धतीत माणूस दर पाच पावलांना एकदा पडतो. दुसरीत प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडा कमी उठतो.

पण हे मधूनच झाले. मुळापासून सांगतो.

आमचे लग्न 2004 सालचे. त्या वेळी हिने एकच मागणी केली होती. दागिना नाही, साडी नाही. म्हणाली, “मला बर्फ बघायचाय. पडलेला. खराखुरा.” मी ताबडतोब कबूल झालो. नवीन लग्न झालेला माणूस कर्ज घेणाऱ्यासारखा असतो, कुठेही सही करतो. पुढे रजा चारच दिवसांची मंजूर झाली आणि आम्ही महाबळेश्वरला गेलो. तिथे मी हिला स्ट्रॉबेरी-क्रीम खायला घातले आणि ‘हेही तसे गारच असते’ असे सुचवून पाहिले. ही काही बोलली नाही. बायकांच्या मनात जे खाते असते त्याला व्याज चक्रवाढ लागते, आणि बँकेच्या खात्यासारखे ते बुडीत म्हणून कधी काढून टाकता येत नाही.

तशी आम्हा बँकवाल्यांना एलएफसी मिळते, म्हणजे रजेवर फिरायला जाण्याचे भाडे. पण पहिली एलएफसी आईच्या इच्छेने कन्याकुमारीला गेली. दुसरी आम्ही रोखीत घेतली आणि डोंबिवलीच्या फ्लॅटला ग्रिल बसवले. तिसरीच्या वेळी कन्येची दहावी होती. मध्यंतरी हिने बर्फ पाहिला तो फ्रीझर डिफ्रॉस्ट करताना, आणि चौपाटीवरच्या गोळेवाल्याकडे.

शेवटी 2023 च्या एप्रिलात योग आला. एकतीस मार्चचे क्लोजिंग पार पडले होते. कन्येला मावशीकडे सोडले आणि आम्ही एका मराठी सहल कंपनीबरोबर निघालो. मराठी सहल कंपनी म्हणजे काय, हे जाणकारांना सांगायला नको. श्रीनगरात सकाळी कांदेपोहे, दुपारी मटकीची उसळ, आणि ट्यूलिपच्या बागेत समोर लाखो फुले उभी असताना पन्नास माणसांचा एकच प्रश्न, “चहा कितीला आहे?”

गुलमर्गला पोचलो आणि माझ्या पोटात गोळा आला. बर्फ संपला होता! म्हणजे वर अफरवटच्या डोंगरावर होता, पण वाऱ्यामुळे गंडोला बंद. ही तारेवरची पाळण्याची गाडी आहे. तिचा पहिला टप्पा 1998 साली सुरू झाला, दुसरा 2005 साली. म्हणजे आमचे लग्न दोन टप्प्यांच्या मधले. आता ती खाली नुसती उभी होती. पठारावर पिवळट गवत डोके वर काढीत होते, आणि मधून मधून जुन्या बर्फाचे मळके तुकडे पडले होते. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मखराचे थर्मोकोल पडलेले असते ना, हुबेहूब तसे. ही त्या तुकड्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “छान आहे.”

एकोणीस वर्षांच्या संसारात ‘छान आहे’चे सगळे अर्थ मला पाठ झालेले आहेत. त्यातला हा सर्वांत वाईट.

रात्री वारा सुटला. जेवणाच्या वेळी वीज गेली. नागपूरचे एक निवृत्त काका माकडटोपी सावरीत सांगू लागले की हा पश्चिमी विक्षोभ. तो थेट भूमध्य समुद्राकडून निघतो, इराण, अफगाणिस्तान करीत येतो आणि हिमालयाला धडकतो. हिवाळ्यात आला तर काश्मीरात सगळ्यांना हवा असतो. उशिरा आला की आपल्याकडे त्याच्या पायी विदर्भ-मराठवाड्यात गारपीटसुद्धा होते, आणि मग त्याला अवकाळी म्हणून शिव्या बसतात. काकांचे बोलणे चांगले चालले होते, पण तेवढ्यात दिवे आले आणि मंडळी श्रीखंडाकडे वळली.

पहाटे हिने मला हलवले. “अहो, उठा. आवाज गेलाय.”

“कसला आवाज?”

“सगळाच.”

खरेच गेला होता. वारा नाही, कुत्रे नाही, पन्हळीचे पाणी नाही. मी पडदा सारला. गवत, चिखल, थर्मोकोल, सगळे गडप! देवदारांच्या फांद्या खाली वाकलेल्या आणि पठारावर फूटभर कोरा बर्फ, एकही पाऊल न उमटलेला. वर्षाच्या पहिल्या दिवशी नवीन लेजरचे पहिले पान असायचे, तसा. (हल्ली लेजर नाहीत, पण ते पान ज्याने पाहिले आहे त्याला कळेल.) मी हिच्याकडे पाहिले. ही रडत होती. मला वाटले, आता वसुली झाली, खाते बंद. मी समाधानाने पुन्हा पांघरूण ओढले.

“अहो, झोपताय काय? घसरायला जायचंय.”

आता माझ्याबद्दल एक खुलासा करणे भाग आहे. मी न घसरणारा माणूस आहे. बाथरूममध्ये मी रबरी मॅटवर दुसरी रबरी मॅट टाकतो. बँकेत ऑफिसरच्या बढतीची संधी मला तीनदा आली. तिन्ही वेळा मी अर्ज केला नाही, कारण बढती म्हणजे बदली. डोंबिवली सुटणार, सात-चोवीसची लोकल सुटणार, आणि कुठल्या तरी गावी नवे घर, नवा दूधवाला. ही तिन्ही वेळा एवढेच म्हणाली, “बघा बाई, तुमचं तुम्ही.” बँकेने मध्यंतरी आम्हा क्लार्कांना ‘असोसिएट’ म्हणायला सुरुवात केली तेव्हा मी घरी पेढे नेले होते. न हलता झालेली तेवढी एकच बढती.

असो. हंगाम संपला म्हणून दुकानदाराने गुंडाळून ठेवलेल्या फळ्या पुन्हा काढल्या. ‘स्की’ हा शब्द नॉर्वेकडचा, आणि त्याचा मूळ अर्थ फाडलेले लाकूड असा आहे. ते योग्यच वाटले. बूट मात्र अघोरी. त्यांत घोटा हलत नाही, त्यामुळे चालताना माणूस नाटकातल्या राक्षसासारखा दिसतो. आमचे मास्तर पंचविशीतले, फेरन घातलेले. त्यांनी सांगितले, गुडघे वाकवा, वजन पुढे टाका, थांबायचे असेल तर फळ्यांची पुढची टोके जवळ आणि मागची लांब करा. मग माझ्याकडे निरखून पाहून म्हणाले, “साहब, एक बात. डर के पीछे मत झुकना. पीछे झुके तो गए.”

यातली गंमत अशी, की उतार दिसला की शहाणा माणूस मागेच रेलतो. तो निसर्ग आहे. पण मागे रेलले की फळ्या पुढे पळतात आणि माणूस मागे राहतो. उतारावर पुढे झुकायचे, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही. त्यातून हा एप्रिलातला बर्फ. हिवाळ्यातला कोरडा आणि भुसभुशीत असतो म्हणे, हा ओला आणि जड. सावलीत सरसर पळतो, आणि ऊन लागलेल्या जागी फळी आली की गोंदासारखा धरून ठेवतो. फळ्या थांबतात, आपण थांबत नाही.

पहिली घसरगुंडी मी वर सांगितलेल्या अवस्थेत संपवली. दुसऱ्या पडण्यात डाव्या पायाची फळी कट्‌कन निसटली (पाय मोडू नये म्हणून ती सोयच असते) आणि नव्या बर्फात नाहीशी झाली. मग मी, मास्तर आणि दोन घोडेवाले काठ्यांनी बर्फ भोसकीत फिरलो. रोकड जुळत नसली की संध्याकाळी व्हाऊचर शोधताना शाखेत जे वातावरण असते, तेच तिथे निर्माण झाले. वीस मिनिटांनी ती माझ्याच कुल्ल्यांनी केलेल्या खड्ड्याखाली सापडली.

आणि ही? सलवार-कमीज, वर भाड्याचा लांब ओव्हरकोट, डोक्याला मफलर. दोनदा पडली, दोनदा हसली आणि तिसऱ्यांदा गेली ती थेट खालच्या सपाटीपर्यंत. मधे “आई गं!” अशी लांबलचक आरोळी आली, पण ती भीतीची नव्हती. ही आरोळी मी एकोणीस वर्षांत ऐकलेली नव्हती. वर उभे राहून मी त्या कोऱ्या बर्फावर उमटलेल्या दोन सरळ रेघा बघत होतो. माझी त्यात एकही रेघ नव्हती. नुसते खड्डे होते.

चहाला बसलो तेव्हा शेजारी आमचा ड्रायव्हर कांगडी कुशीत घेऊन बसला होता. ही त्याला म्हणाली, “कितना सुंदर!” तो हसला आणि म्हणाला, “आप के लिए अच्छा है, बहनजी.” मग हळूच कळले. खाली त्याच्या गावी सफरचंदाला मोहोर आला होता. या दिवसांत ओला बर्फ पडला की मोहोर झडतो, फांद्या मोडतात. सकाळपासून तो घरी फोन लावीत होता आणि फोन लागत नव्हता. हिने आपल्या हातातला कप खाली ठेवला. आम्ही तिघेही काही वेळ बर्फाकडे पाहत बसलो, पण तो आता निराळा दिसत होता. सुदैवाने दुपारी फोन लागला. त्यांच्या बाजूला नुसता पाऊस झाला होता.

पुढच्याच वर्षी, 2024 च्या जानेवारीत, ऐन हंगामात गुलमर्ग कोरडे ठणठणीत असल्याचे फोटो पेपरात आले. बर्फानेही हल्ली क्लोजिंगच्या तारखा पाळायचे सोडले आहे.

ड्रायव्हरचा तो फोन लागल्यावरच ही उठली. “चला, शेवटची एक.”

“तू जा. मी फोटो काढतो.”

“अहो, सगळीकडे तुम्ही फोटोच काढता.” एवढेच बोलून ती फळ्या अडकवायला वाकली. तिच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर मी बसून राहिलो असतो.

मी वर गेलो. खाली पाहिले. मागे रेललो. मास्तर ओरडले, “साहब!” मी डोळे मिटले आणि, कसे कोण जाणे, पुढे झुकलो. पुढचे दहा-बारा सेकंद कानात फक्त सुरसुर आवाज होता, आणि पायाखाली जमीन असूनही नसल्यासारखी. मध्ये एक उन्हाचा पट्टा लागला, फळ्या अडखळल्या, मी गुडघ्यांनी काहीतरी केले आणि त्या सुटल्या. मग सपाटी आली. मी उभा होतो! थांबायचे कसे ते न आठवल्यामुळे उभ्याउभ्या एका घोड्यापर्यंत गेलो आणि त्याच्या मानेला मिठी मारली. घोडा समजूतदार निघाला.

दोन वाजेपर्यंत ऊन कडक झाले. देवदारांवरून धबाधब बर्फ कोसळू लागला आणि पठारावर ठिकठिकाणी गवताचे ठिपके पुन्हा दिसू लागले. आमच्या रेघाही विरघळत होत्या. आम्ही ओले मोजे शेगडीजवळ टांगून बसलो होतो.

“ती बढतीच्या अर्जाची मुदत कधी आहे?” हिने मोजे उलटे करीत विचारले. हे मी घरी सांगितलेच नव्हते. हिला कुठून कळले, देव जाणे.

“तीस.”

“आज एकोणीस,” ही म्हणाली आणि पोऱ्याला हाक मारून दोन कहवे सांगितले, एक बिनसाखरेचा.