क्रमांक ८० च्या फ्यूजला

प्रिय क्रमांक ८०,

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या अठरा-पौंडी तोफेच्या श्रॅपनेल गोळ्याच्या टोकावर तू बसायचास. आज संग्राहक तुला घासून-पुसून आरशासारखा लखलखीत करतात. मला ते बघवत नाही. तुझ्या अंगावर उथळ ठोकलेली अक्षरं हाच तुझा जन्मदाखला. पॉलिशचे दोन हात फिरले की ३ कुठला आणि ८ कुठला, ते कळेनासं होतं.

तुला वाचायचं तर बॅटरीचा उजेड तिरपा पाडावा. ८० पुढचा रोमन आकडा म्हणजे मार्क, अर्थात रचनेची आवृत्ती; शेजारी कारखान्याची आद्याक्षरं, लॉट क्रमांक आणि तारीख. ७/१६ म्हणजे जुलै १९१६. तेवढ्यावर तुला, त्याच महिन्यात सुरू झालेल्या ‘सोमच्या लढाईतला’ म्हणून विकायला काढतात! अरे, घडवल्यानंतर तुला भरायचं, तपासायचं, मग समुद्रापार धाडायचं. ‘याच्या आधीचा नाही’, एवढंच ती तारीख ठामपणे सांगते.

मला खरं वेड आहे ते तुझ्या कड्यांचं. वरचं कडं स्थिर, खालचं फिरणारं, त्यावर ० ते २२ आकडे, आणि दोन्हींच्या आत खोबणीत दाबून भरलेली काळी दारू. तोफ सुटली की धक्क्याने ती पेटायची, कड्याकड्याने जळत जायची आणि ठरल्या क्षणी गोळा हवेतच फुटून पावणेचारशेच्या आसपास गोळ्या खाली फेकायचा. तो क्षण कुणीतरी कडं फिरवून ठरवलेला असे. झाडलेल्या फ्यूजची कडी आदळताना सरकली नसतील, तर तो आकडा अजून वाचता येतो. कारखान्याच्या तारखेपेक्षा मला तो मोलाचा वाटतो, म्हणून गंजून घट्ट बसलेली कडी फिरवून पाहणाऱ्यांचा राग येतो.

तुझी मूळ रचना जर्मनीच्या क्रुप कंपनीची. जर्मन सैनिकांवर तू बरसलास आणि युद्धानंतर क्रुपने त्याच रचनेच्या पेटंटचे पैसे मागितले. १९२६ साली ब्रिटिश शस्त्रकंपनी व्हिकर्सने ४०,००० पौंड मोजले. हा हिशेब वाचून आजही चीड येते.

बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या शेतांत तुझी भावंडं अजून नांगराला लागतात. त्यांच्यातली दारू जिवंत असू शकते. तिथे शिक्का वाचायला वाकायचं नाही, हात लावायचा नाही. बॉम्बनाशक पथकाला कळवायचं. माझ्या कपाटात तू येशील तो जाणकाराने निकामी केल्याची खात्री झाल्यावरच.

तुझा,
एक संग्राहक